एका वेताला एकच वेळ

माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढील मजकुरावरून वाचकांचा तसा समज होण्याचा संभव नाही. नागपूरच्या जिल्हा कचेरीच्या कुंपणालगत, तिसऱ्या कडुनिंबाखाली, मी अर्जनवीस म्हणून बसतो. माझ्याआधी या निंबाखाली कोणी बसत नसे, कारण कावळ्यांचा उपद्रव. तो मी वर पत्रा ठोकून मिटवला. आता लोक त्या झाडाला ‘मुन्शीजींचा निंब’ म्हणतात. तसे म्हणा असे मी कोणास सांगितलेले नाही.

या अंकाचे संपादक वारसाच्या एका अर्जासाठी माझ्याकडे आले होते. अर्ज वाचून म्हणाले, “दिवाळीसाठी आम्हाला काहीतरी लिहून द्या. धंद्यातल्या गमती लिहा.” गमतीच लिहिणार होतो. लिहावयास बसलो तेव्हा दुसरेच पुढे आले.

परक्यास वाटते, अर्ज लिहिणे म्हणजे माणूस सांगेल ते उतरवून घेणे. तसे केल्यास एकही अर्ज मंजूर होणार नाही. माणूस रडतो, शिव्या देतो, आजोबांपासून सुरुवात करतो, आणि मूळ मागणी उठून जाता जाता सांगतो. ती मागणी पहिल्या ओळीत आणणे, शिव्या गाळणे, रडणे ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत’ एवढ्या शब्दांत बसवणे, आणि आजोबांना वारसाचा प्रश्न असेल तरच आत घेणे, हे आमचे काम. महाल भागातील एका पेन्शनराने शेजाऱ्याचा कोंबडा पहाटेपूर्वी आरवतो म्हणून माझ्याकडून अर्ज लिहून नेला. चार दिवसांनी तो शेजारी खुलासा लिहून घेण्यास माझ्याकडेच आला. तोही मी लिहिला, आणि कोंबड्याची बाजू अशी मांडली की माझे मलाच कौतुक वाटले. साहेबांनी दोन्ही कागदांवर एकच शेरा मारला: ‘मजकूर सुवाच्य. उभयतांनी समजुतीने घ्यावे.’ त्यातील पहिले वाक्य कोणासाठी होते हे सांगावयास नको.

परंतु या धंद्याची एक बाजू कोणी सांगत नाही. दिवसभर माणसे तुमच्यासमोर आपले घर उघडे करतात, आणि कागद हाती पडला की पाठ फिरवतात. पुढे बाजारात भेटल्यास ओळख दाखवत नाहीत, कारण मला त्यांचे सर्व ठाऊक असते. इतवारीत वरच्या मजल्यावर माझी एक खोली आहे. लग्नाचा योग आला नाही. हजारो लोकांची पत्रे मी लिहिली, पण माझ्या नावाचे पत्र घेऊन पोस्टमन कधी तो जिना चढला नव्हता. खालचा किराणा दुकानदार थट्टेने म्हणे, “मुन्शीजी, एखादं पत्र स्वतःलेच टाका ना बावा!”

धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. एका टांगेवाल्याच्या टांग्याला ट्रकची धडक बसली आणि उलट त्याचाच परवाना रद्द होण्याची पाळी आली. त्याने सांगितले साडेनऊ, त्याच्या भावाने सांगितले पावणेदहा. मी तरुण होतो, प्रामाणिक होतो. दोघांच्या निवेदनांत ज्याने जे सांगितले तेच लिहिले. समोरच्या वकिलाने ती पंधरा मिनिटे अशी ताणली की टांगेवाला स्वतःच्या अपघातालाही हजर नव्हता असे ठरले. परवाना गेला. त्याने घोड्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तो गेला. त्या दिवसापासून मी नियम केला: एका प्रसंगाला एकच वेळ. माझ्या कागदांत पुन्हा कधी दोन वेळा आल्या नाहीत.

या नियमाने मी जे केले, ते आता लिहितो.

शेवंताबाई प्रथम आल्या त्या एका उन्हाळ्यात. कचेरीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या होत्या आणि त्यांच्यावरचे पाणी उडून माझ्या कागदांवर पडत होते.

“मुन्शीजी थे तुमीच का जी?”

“मीच.”

“माह्या नवऱ्याची जागा हाय. थे मले पायजे. डुकराची.”

गावाबाहेर एक पशुवैद्यकीय संशोधन संस्था होती. तेथील डुकरांच्या गोठ्यावर त्यांचा नवरा रोजंदारीने काम करीत असे. तो कावीळ होऊन गेला. त्याच्या जागी बाईंना घेण्यास साहेब तयार होते, पण छापील अर्जात शिक्षणाचा रकाना होता आणि खाली अट होती: किमान चौथी.

“शिक्षण?”

“कायचं शिक्षन? शाळेच्या अंगनात सारवाले जात होती मी.”

मी रकाना भरला. त्यांनी मान तिरकी करून पाहिले.

“काय लिवलं जी?”

“चौथी पास.”

“कवा झाली मी?”

“आत्ताच.”

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या निंबाखालचे दोघे अर्जनवीस वळून पाहू लागले. “बरं झालं! मास्तरचा मारबी नाई खाल्ला.”

जागा मिळाली. पावसाळा संपता संपता त्या पुन्हा आल्या. बगलेत लांबट रजिस्टर आणि पदराच्या गाठीत कागदाच्या कपट्यांचा गठ्ठा.

“साहेबानं हे देल्लं. म्हने, पिल्लू कवा झालं थे लिव, अन् पयल्यांदा थानाले कवा लागलं थे बी लिव. मी हाव म्हनलं.”

“हो का म्हटलेत?”

“चौथी पास हाय नं मी!”

आता मला हसू आले नाही. पूर्वी नोंदी करणारा कारकून बदलून गेला होता. लिहिता येत नाही असे सांगितले तर जागा जाईल ही त्यांची भीती खरी होती, आणि त्यांना चौथी पास मीच केले होते.

त्यांनी कपटे माझ्यासमोर मांडले. प्रत्येकावर दोन वर्तुळे, आणि प्रत्येक वर्तुळात दोन रेघा, एक आखूड, एक लांब. गोठ्यातल्या भिंतीवर घड्याळ होते. त्यांना आकडे येत नव्हते, पण काटे दिसत होते. पिल्लू बाहेर पडले की त्या घड्याळाकडे पाहून काटे जसेच्या तसे काढीत. ते पहिले वर्तुळ. पिल्लू आईच्या थानाला लागले की दुसरे. रात्र असेल तर वर्तुळाखाली कोळशाचा ठिपका. कोपऱ्यात एक कान काढलेला, आणि पिल्लाच्या कानाला ओळखीसाठी जेथे खाच मारली असेल तेथेच कागदावरच्या कानालाही खाच. इतका चोख कागद मी कोणा पदवीधराचाही पाहिलेला नाही. तेव्हा मात्र मला तो कागद वाटलाच नाही, चित्र वाटले.

हे सर्व कशासाठी होते ते मला पुष्कळ नंतर संस्थेतल्या डॉक्टर सबनीसांनी सांगितले. वाचकांसाठी ते येथेच, माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. आपल्या शरीराच्या कणाकणात प्युरिन नावाचे द्रव्य असते. ते निकामी झाले की त्याची विल्हेवाट लावावी लागते. कचेरीत जशी एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते तसे ते मोडत मोडत पुढे सरकते आणि त्याचे युरिक आम्ल होते. माणसाच्या शरीरात शेवटच्या टेबलाचा कारकूनच नाही. फाइल तेथे अडते. थोडी लघवीवाटे बाहेर जाते, पण फार साचली तर सांध्यांत बसते आणि पायाचा अंगठा टम्म सुजतो. डुकराच्या काळजात, म्हणजे यकृतात, तो शेवटचा कारकून हजर असतो. त्याला विकर म्हणतात. तो फाइल निकाली काढतो. डॉक्टरांचा प्रश्न असा होता: पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या काळजातले हे निरनिराळे कारकून आधीच खुर्चीवर बसलेले असतात, की पहिले दूध पोटात गेल्यावर एकेक करून कामावर येतात? त्यासाठी ते ठरावीक पिल्ले घेत, त्यांचे यकृत काढून तपासत, आणि त्या पिल्लाचे वय तासांत आणि मिनिटांत किती हे रजिस्टरवरून काढीत.

शेवंताबाईंना यातले इतकेच ठाऊक होते: “डाक्टरसाहेब पिल्लाची कलेजी काढते जी. मंग काचेच्या नळीत टाकून पाहात बसते. मी इचारलं, काय दिसते? तं म्हने, अजून नाई दिसत.” आणि थोडे थांबून, “म्हून मी बरोबर टाइम काढतो. पिल्लू तं गेलंच, निदान वाया नाई जावं.”

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी त्या येऊ लागल्या. मी आकडे भरायचे, त्यांनी एकेक पिल्लाची हकीकत सांगायची. “हा आठवा. लय सुस्त. समदे पिऊन झोपले तरी हा हुडकूनच राह्यला.” मी हकीकत ऐकत नसे असे दाखवीत असे. एकदा त्यांनी सरळ विचारले, “मुन्शीजी, घरी गेल्यावर बोलता कोनाशी?”

“बोलत नाही. वाचतो.”

“काय वाचता?”

“जुने अर्ज. माझ्याकडे नकला असतात.”

“म्हंजे लोकायचंच रडनं!” असे म्हणून त्यांनी पिशवीतले संत्रे काढून माझ्यापुढे ठेवले.

मी त्यांना एक धंद्यातले ज्ञान दिले. कोणताही कागद, कोणतीही वस्तू कोणालाही द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि पोचेवर वेळ हवीच. “मंग द्या संत्र्याची,” त्या म्हणाल्या. मी गंभीरपणे लिहून दिले: ‘एक संत्रे, उत्तम स्थितीत, आज रोजी मिळाले.’ वेळ टाकली, सही केली. त्यांनी ते घडी करून चोळीत ठेवले. पुढच्या शनिवारी मी त्यांना एक निळी पेन्सिल दिली, कारण कोळशाच्या रेघा पुसत. त्यापुढच्या शनिवारी त्यांनी एक कपटा माझ्या हाती दिला. निळे वर्तुळ, दोन काटे.

“हे काय?”

“पोच. तुमची पेन्सिल मिळाली थ्या टायमाची. घरी जाऊन आठवून काढली.”

तो कपटा मी नकलांत ठेवला नाही. खिशात ठेवला. शनिवारी सकाळी मी टेबल पुसून घेऊ लागलो होतो. एरवी ते आठवड्यात एकदाही पुसले जात नसे.

आता माझी करणी.

पहिल्याच वेताला नऊ पिल्ले होती. पहिल्या वर्तुळात चार वाजून गेलेले, दुसऱ्यात त्याहून थोडे पुढे, मग मध्ये तासाभराचा खंड, आणि शेवटच्यात जवळजवळ आठ. दूध पिण्याच्या वेळा तर आणखी विस्कटलेल्या. पाचवे पिल्लू तिसऱ्याच्या आधी प्यालेले, आठवे सगळ्यांच्या मागून. एका डुकरिणीच्या एका वेतासाठी अठरा वेगवेगळ्या वेळा! मला घुंगरमाळ दिसली. असा कागद कोणत्याही वकिलासमोर दहा मिनिटे टिकला नसता. म्हणून मी नियम लावला. पहिले पिल्लू झाले ती वेळ सर्वांच्या जन्माला, पहिले पिल्लू प्याले ती वेळ सर्वांच्या दुधाला. दोन रकाने, वरून खाली एकसारखे. लाल शाईने रेघा आखल्या. रजिस्टर असे देखणे झाले की मी ते दोन वेळा उघडून पाहिले.

शेवंताबाईंनी रकान्यावरून बोट फिरवले. त्यांना वाचता येत नव्हते, पण पाहता येत होते.

“समदे सारखेच दिसून राह्यले जी?”

“आकडे लांबून सारखेच दिसतात,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मी मुन्शीजी होतो.

कपटे मी फाडले नाहीत. आमच्या धंद्यात पक्की प्रत झाली की कच्ची फाडावयाची असते, म्हणजे एका गोष्टीच्या दोन हकीकती शिल्लक राहत नाहीत. यावेळी का कोण जाणे, मी ते कपटे निंबाच्या खोडाला लावलेल्या तारेत ओवत गेलो. वाऱ्याने ते फडफडत. बसल्या जागी मला तो आवाज बरा वाटे.

असे सात-आठ महिने चालले. मग एका मंगळवारी त्या आल्या. शनिवार नव्हता म्हणून मी आधी खूश झालो. त्यांच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती.

मी मोठ्याने वाचली. ‘पिल्लांच्या जन्मवेळा व प्रथम दूध पिण्याच्या वेळा आपण प्रत्यक्ष न पाहता अंदाजाने नोंदविल्याचे दिसून येते. एकाच वेळी जन्मलेल्या म्हणून नोंदलेल्या पिल्लांचे निष्कर्ष परस्परांशी मुळीच जुळत नाहीत. सबब संपूर्ण काम संशयास्पद झाले असून, आपणास कामावरून का कमी करू नये...’ तिसऱ्या ओळीशी मी कागद डोळ्यांजवळ धरला.

“काय झालं जी?”

“काही नाही. अक्षर पुसट आहे.”

“मी नव्हती म्हनते काय थो? अरे, मी तठीच बसत होती! भाकर बी तठीच खाल्ली. एक पिल्लू माह्या नजरेबाहेर नाई झालं मुन्शीजी, एक बी!” त्यांची नजर माझ्या मागे तारेवर गेली. “थे चिठ्ठ्या दाखवल्या तं?”

माझ्यापाशी उत्तर तयार होते, आणि ते खोटे नव्हते हीच त्याची वाईट बाजू. “चिठ्ठ्या दाखवल्या तर तुम्हाला लिहिता येत नाही हे उघड होईल. चौथी पास खोटे ठरेल. मग नुसते काम जाणार नाही, फसवणूक म्हणतील.”

“मंग?”

“माफीचा अर्ज लिहू.”

“म्या चूक नाई केली तं माफी काहून मागू?”

“माफीचा अर्ज लवकर मंजूर होतो.”

निंबावरची वाळकी पाने त्यांच्या पदरावर पडत होती, त्या ती एकेक वेचून बाजूला ठेवीत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुमी म्हनता तं देतो बापा अंगठा.”

मी लिहिला. अर्जदार विधवा आहे, अल्पशिक्षित आहे, नजरचुकीने व अज्ञानाने तिच्या हातून नोंदींत प्रमाद घडला आहे, उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी. माझ्या हयातीतील उत्तम अर्जांत तो मोडेल. प्रत्येक वाक्यातील चूक माझी होती आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता त्या होत्या. त्यांनी शाईचा अंगठा उठवला आणि माझ्या टेबलाच्या कडेला पुसला. तो डाग अद्याप आहे.

क्षमा मंजूर झाली. कामावरून काढले नाही, परंतु डुकरांपासून हलवून गवत कापण्यावर पाठवले, आणि कायम होण्याच्या यादीतून नाव गेले. एक शनिवार त्या आल्या नाहीत. दुसऱ्या शनिवारीही नाहीत. थंडीत कळले की गवताचे काम सोडून त्या खापरखेड्याला वीज केंद्राच्या वसाहतीत भावाकडे राहावयास गेल्या. मी टेबल पुसणे सोडले. तारेवरचे कपटे फडफडत होते. तो आवाज आता बरा वाटत नसे, पण तार काढवतही नसे.

हे असेच राहिले असते. मी स्वतः होऊन उठलो असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे नाही. त्या संस्थेतला गणपत नावाचा एक म्हातारा गुराखी रजेच्या अर्जासाठी आला. मी विचारले, “शेवंताबाईंची काही खबर?”

“थे? गेली नं बापा. पन तुमची लय तारीफ करे. म्हने, जागा गेली थे गेली, पन मुन्शीजीनं माह्यासाठी असा कागद लिवला का साहेब बी हळहळला.”

त्याच्या रजेचा अर्ज मी तीन वेळा चुकलो. मग टेबलाला कुलूप लावले, तारेवरचे सर्व कपटे उतरवून रुमालात बांधले आणि संस्थेच्या वाटेला लागलो.

डॉक्टर सबनीस तरुण होते, पुण्याकडचे. खोलीत फिनाइलचा वास, फळीवर काचेच्या नळ्या. मी जे बोलावयाचे ते वाटेत पाठ केले होते. ते सर्व विसरलो आणि नुसता रुमाल सोडला. त्यांनी एक कपटा उचलला, कानाची खाच पाहिली आणि ताडकन उठून आपली वही आणली.

“हे कोणी काढलं?”

“शेवंताबाईंनी. त्यांना लिहिता येत नाही. रजिस्टर मी लिहिले.”

“आणि तुम्ही सगळ्यांना एकच वेळ दिलीत?”

“आमच्याकडे तशी पद्धत आहे. एका प्रसंगाला...”

“पद्धत!” एवढेच ते म्हणाले. मग मला विसरले. कपटा, वही, कपटा, वही. पेन्सिलीने ते कडेला नवे आकडे मांडीत गेले. मी उभा होतो. पुष्कळ वेळाने त्यांनी एका क्रमांकाभोवती गोल केला. “हे आठवं. याच्या यकृतात विकराचा जवळजवळ पत्ता नव्हता. मी नमुना बिघडला म्हणून फेकून दिला होता. हे तर नुकतंच प्यालं होतं तेव्हा!” आणखी काही आकडे मांडून ते मागे टेकले. “सगळं ओळीत येतंय. निदान या वेतांत तरी, जे आधी प्यालं ते आधी जागं झालं. बाईंनी एकेक पिल्लू डोळ्यांनी पाहिलंय हो.”

“होय,” मी म्हणालो. “त्या तसे म्हणत होत्या.”

“मग माफी का मागितली त्यांनी? मी नोटीस मागे घेणार होतो. तो माफीनामा वाचला आणि वाटलं, चूक आहेच. इतका चांगला लिहिला होता.”

“तोही मी लिहिला.”

त्यांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. मी माझ्या अर्जनविशीच्या परवान्याविषयी काहीतरी बोललो असावा, कारण ते म्हणाले, “तुमच्या परवान्याशी मला काय करायचंय? हे कागद मला हवेत, तुम्ही नको. फक्त जे झालं ते लिहून द्या. तुमच्या नावानं.”

अर्ज मी हजारो लिहिले, पण ‘अर्जदाराचे नाव’ येथे स्वतःचे नाव लिहिण्याची वेळ कधी आली नव्हती. डॉक्टरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून मी चार कागद फाडले. प्रत्येक वेळी हातून ‘अनवधानाने’, ‘परिस्थितीवशात’ असे शब्द येत. पाचव्या कागदावर अडीच ओळी झाल्या. शेवंताबाईंनी वेळा बरोबर दिल्या. त्या मी बदलल्या. चौथी पास हेही मीच लिहिले. खाली सही. एकही विशेषण नाही. इतका वाईट अर्ज माझ्या हातून दुसरा झालेला नाही.

संस्थेने नोटीस रद्द केली. शिक्षणाच्या रकान्याबद्दल डॉक्टरांनी वर कोणाशी बोलून तो विषय मिटवला, आणि बाईंना गोठ्यावर परत घेण्याचे पत्र निघाले. ते पोचवण्याचे काम मी मागून घेतले. सोबत माझे पत्र जोडले. त्यात संस्थेतल्या त्या अडीच ओळीच पुन्हा लिहिल्या, आणि आणखी एक: ‘आकडे लांबून सारखे दिसत नाहीत, तुम्ही बरोबर पाहिले होते.’ रजिस्टर पोस्टाने पाठवले नाही, कारण त्यासाठी घेणाऱ्याचा अंगठा लागतो. त्यांचा अंगठा मी एकदा घेतला होता. साध्या टपालाने टाकले.

मग मी वाट पाहिली. माझे पत्र त्यांना कोण वाचून दाखवील, भाऊ की त्याची मुलगी, आणि कोणत्या आवाजात, याचा विचार मी निंबाखाली बसून करीत असे. समोरचा माणूस आपली हकीकत सांगत असे आणि मला ती पुन्हा विचारावी लागे. पंधरा दिवस गेले, महिना गेला. गोठ्यावर त्या आल्या नाहीत. डॉक्टरांनी थोड्या दिवसांनी दुसरी बाई ठेवली, लिहिता येणारी.

एके दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना जिन्यावर पावले वाजली. खालचा दुकानदार ओरडला, “मुन्शीजी, खरंच टाकलं की काय स्वतःले पत्र?” पोस्टमनने पाकीट दिले. पत्ता शाळकरी मुलीच्या अक्षरात, माझे नाव शुद्ध. शिक्का खापरखेड्याचा.

आत वहीच्या पानाचा एक कपटा होता. निळ्या पेन्सिलीने काढलेले वर्तुळ, त्यात दोन काटे. खाली ठिपका नाही, म्हणजे दिवसाची वेळ. माझे पत्र त्यांच्या हाती पडले ती वेळ. पोच.

त्यावर दुसरे काही नव्हते. क्षमा केली असे नव्हते, केली नाही असेही नव्हते. त्या परत आल्या नाहीत, आणि खापरखेड्याची बस कचेरीसमोरून जात असूनही मी कधी तीत चढलो नाही. आज इतक्या वर्षांनी तो कपटा माझ्यासमोर आहे. मिनिटकाटा कोणत्याच आकड्यावर नाही, दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी थांबला आहे. ती वेळ मी अद्याप आकड्यांत उतरवलेली नाही.